टेपमधला माझा आवाज

अड्याळ, मंगळवार, ११ जानेवारी १९८३

आज प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी टेपरेकॉर्डर लावून माझ्याच बालवाडीतला पाठ मला ऐकवला. सगळा वेळ मीच बोलत होते आणि मधूनमधून एकच, "गप बसा!" एवढी कर्कश आहे मी? सगळ्यांसमोर रडू आलं.

बाई म्हणाल्या, "रडतेस कायले? पुन्हा ऐक."

पुन्हा ऐकलं. माझ्या आवाजामागून चार वर्षांची सुमन हळूच विचारत होती, "बाई, मासोळी कुठी झोपते?" आणि लगेच माझं, "गप बसा!" वर्गात तिचा प्रश्न मला ऐकूच आला नव्हता. पोरगी मुकी आहे की काय, असं तिच्या आईला मीच म्हटलं होतं!

उद्या बालवाडी भरायच्या आधी तिच्या घरी जाणार. लाज वाटली तरी सांगणार, "तुमची सुमन बोलते जी. मीच ऐकत नव्हते."