जोडीतली डावी फुलदाणी

३ मार्च
हिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. डावा आधीच अधू. शस्त्रक्रिया बारा तारखेला, पूर्ण रक्कम आदल्या दिवशी. नाहीतर डोळा गेला – डॉक्टरांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. घरात विकण्याजोगं एकच: वडिलांची मिन्याची फुलदाणी. (माझं संस्कृत कुणी घेत नाही.)

४ मार्च
पारख्याने अर्धा तास भिंग लावलं. तांब्यावर केसासारख्या चांदीच्या तारा, तारांमधे रंगीत काचेचा मिना, आतूनही मिना. "चिनी नाही हो, जपानी. शंभर वर्षांहून जुनी." मी सरसावून बसलो. मग त्याने ती फिरवली. "हिच्यावरचा क्रौंच पक्षी डावीकडे बघतोय. म्हणजे उजवीकडे बघणारा दुसरा असणार. अशा जोडीनेच करायचे. जोडी आणा, हॉस्पिटल भागवून उरेल. एकटीला पाचवा हिस्सा."

दुसरी दादाकडे. वाटणीत आम्ही जोडी फोडली – एक तुला, एक मला. केवढा न्याय! संस्कृतात दोघांसाठी द्विवचन असतं. आम्ही भावांनी ते बारा वर्षांपूर्वीच टाकलं.

६ मार्च
ही म्हणते, "जा की. थोरला भाऊ आहे, वाघ नाही."
"वाघ बरा. टोमणे मारत नाही."
"एका माळेचे मणी दोघं." हसली. डावीकडे बघून. मी उजवीकडे उभा होतो.

८ मार्च
गेलो. त्याच्या दारापर्यंत. आतून खोकला ऐकू आला, थेट वडिलांचा. घंटेवर बोट ठेवलं, दाबलं नाही. हिला सांगितलं, घरी नव्हता.

१० मार्च
विकली. एकटीच. उरलेल्या रकमेसाठी तिघांपुढे तोंड वेंगाडलं. तिघांनी चहा पाजला.

११ मार्च
सकाळी वहिनी आल्या. टॉवेलात गुंडाळलेली फुलदाणी. "जाऊबाईंचा फोन आला त्याच दिवशी ह्यांनी काढून दाराशी ठेवलीय. मी म्हटलं, पोचवते. तर म्हणे, थांब, तो येऊ दे. तीन दिवसांपूर्वी खिडकीतून तुम्हाला पाहिलं, उठून दार उघडेपर्यंत तुम्ही कोपऱ्यावर. हाक मारली नाहीच. आज म्हणाले, जा बाई, तूच जा."

पारख्याला फोन केला. माझी कालच परगावच्या गिऱ्हाइकाने नेली.
"दुसरी मिळणार होती तर एक दिवस थांबायचंत."