अर्धी भाकरी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

भातसानगरच्या कॉलनीतल्या बाईंची बदली झाली आणि त्यांचे दोन ससे आमच्याकडे आले. सवय सगळी तांदळाच्या भाकरीची. मुरबाडचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, यानेच पोटं बिघडलीत. वाळलं गवत पुढ्यात ठेवा, भाकरी हळूहळू कमी करा, पण उपाशी ठेवू नका.

म्हणून आज अर्धीच दिली. ती फस्त केली आणि गवताकडे पाठ करून बसले. तोंडाशी नेलं तरी मान फिरवतात. करू तरी काय?

आमच्याकडे गुरांना घातल्याशिवाय कोणी जेवत नाही. सासूबाईंनी सशांनाही तोच नियम लावलाय. पानावर बसेचनात. "आई, जेवा ना," म्हटलं तर म्हणाल्या, "त्यांची अर्धी केलीस ना गो? मंग माजी पन अर्धीच वाढ."

मी चिडले. डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मी वाढलेली अख्खी भाकरी मोडली, अर्धी खाल्ली, उठल्या.

पिंजऱ्यात गवत तसंच. ताटात अर्धी भाकरी तशीच.

आणि पुढच्या आठवड्यापासून सशांना चतकोर द्यायची आहे.