सात ठिपके आणि बंद खिडकी

मी कस्मिनी, मरहूम सुकार्दी यांची विधवा, वय अडुसष्ट, पकालोंगनजवळच्या गावात मशिदीमागच्या गल्लीत राहणारी, धंदा बाटिक काढण्याचा. माझी छाती थकली आहे, पण डोकं ठिकाणावर आहे आणि हात अजून कापत नाही. मला कोणी दम दिलेला नाही की फूस लावलेली नाही. गावातल्या मयतांचे विधी करणारे मुदीन सोलिखिन म्हणाले, "कस्मिनीताई, असले कागद थोडक्यात लिहायचे असतात." मी म्हटलं, "थोडक्यात तर मला कामावरून काढलं होतं. आता मी सविस्तर लिहिणार."

१. राहतं घर, चुलीसकट, माझी मुलगी दर्यांती हिला. मागच्या आंब्याची एक फांदी पाठच्या घरातल्या तस्रिपाच्या अंगणात वाकली आहे. पडलेले आंबे तस्रिपाचे, झाडावरचे दर्यांतीचे. फांदी मी छाटली नाही, कारण छाटायची तर तस्रिपाला सांगावं लागलं असतं, आणि सतरा वर्षं मी तिच्याशी आपणहून बोललेले नाही.

२. माझ्या सहा चांटिंग, म्हणजे तांब्याच्या चोचीच्या मेण ओतायच्या लेखण्या, याही दर्यांतीला. तिला हे काम नको आहे, ठाऊक आहे. तरी विकू नये. सर्वांत बारीक चोचीची आईनं मला दिली होती.

३. ठेंगणं लाकडी स्टूल हाजी मस्दुकी यांना परत करावं. त्यांच्या कारखान्यात मी त्यावर बावीस वर्षं बसले. मेणाच्या एका कढईभोवती आम्ही चौघी, माझ्या समोर तस्रिपा. खोलीला एकच खिडकी होती. शेजारचे नक्षी चोरतात म्हणून मालकांनी ती फळ्या ठोकून बंद केली. नक्षी आत राहिली आणि धूरही. तस्रिपा खोकून खोकून अर्धी झाली. खोकताना कापडावर मेण सांडलं की बोलणी तीच खायची.

मी आधी तोंडानं सांगून पाहिलं. मालक म्हणाले, "धूर सोसत नाही? मग जा समुद्रावर हवा खायला. महाराणीच की नाही तू!" म्हणून मी शहरातल्या कामगार कचेरीला पत्र लिहिलं, नाव न घालता.

चूक माझी एवढीच की मजकूर संपला तेव्हा खाली कोपरा रिकामा राहिला. रिकामा कोपरा आम्हा बाटिक काढणाऱ्या बायकांना बघवत नाही. माझ्या हातानं तिथे सात ठिपके काढले, मध्ये एक आणि भोवती सहा, जसे मी जन्मभर फुलांच्या पोटात काढत आले. कचेरीतल्या साहेबानं ते पत्र नेऊन मालकांच्याच हातात ठेवलं.

मालकांना कापड विकता येतं, हात ओळखता येत नाही. मी त्या सकाळी मुलीला दवाखान्यात नेलं होतं. पुढचं मला रुम्यातीनं सांगितलं, ती आमच्याच कढईवर होती. मालकांनी विचारलं, "हे ठिपके कोणाचे?" रुम्याती म्हणाली, "ठिपके काय, सगळ्यांचे सारखेच, मालक." तस्रिपा म्हणाली, "कस्मिनीचे. तिचा मधला ठिपका नेहमी जरा मोठा असतो."

दुपारी मी पोचले, तर माझं स्टूल फाटकाबाहेर उलटं पडलेलं. ना पूर्वसूचना, ना एक शब्द. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "आत सोडू नको म्हणालेत, मावशी. माझ्यावर रागावू नका." अर्धं काढलेलं माझं कापड आतच राहिलं. ते तस्रिपानं पुरं केलं.

मी तिच्या दारात गेले. ती म्हणाली, "विचारल्यावर खोटं बोलू? हात तुझाच होता ना?" मी म्हटलं, "आणि खोकला कोणाचा होता?" तिनं दार लावून घेतलं.

आठ दिवसांत मालकांनी खिडकीच्या फळ्या काढल्या. खिडकीजवळची माझी जागा तस्रिपाला मिळाली, आणि तिचा खोकला बरा झाला. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं.

स्टूल मालकांकडे सुलटं ठेवून यावं.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्या जनाज्यावर घालायला मी एक कापड काढून ठेवलं आहे, तपकिरी, फुलाफुलांचं. ते पेटीत वर आहे. कबरीत उतरवण्याआधी ते काढून घेतात. ते कोणाला जाईल, हे पुढीलप्रमाणे ठरावं.

दर ईदेला सगळा गाव सगळ्यांची माफी मागतो. तस्रिपाही येते आणि म्हणते, "कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ कर." मी हात हातात देते आणि केक पुढे करते. सतरा ईद झाल्या, काय चुकलं ते तिच्या तोंडून आलं नाही. असल्या घाऊक माफीनं माझं समाधान होत नाही.

मयत उचलण्याआधी मुदीन लोकांना विचारतात, "बाई कशी होती?" आणि गाव म्हणतो, "चांगली होती." गाव सगळ्यांनाच चांगलं म्हणतो. माझ्या वेळी मुदीननी त्याआधी माझ्या अंगावरचं कापड दाखवून एकट्या तस्रिपाला विचारावं, "हे ठिपके कोणाचे?" उत्तर तिला येतं. तिनं ते गावासमोर द्यावं, आणि मी ते पत्र कोणासाठी लिहिलं होतं, तेही सांगावं. सांगितलं, तर कापड तिचं, आणि सगळे आंबेही. माझी माफीही तिला, खरीखुरी. गप्प राहिली, तर कापड फाडून दर्यांतीनं नातवंडांच्या झोळ्या कराव्यात. तस्रिपाला कोणी टोचू नये, आग्रह करू नये. आग्रहानं बोललेलं मला नको.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. वाचताना रुम्याती रडली, मी नाही.

स्थळ: माझ्या घराची ओसरी, पकालोंगन
दिनांक: १२ मार्च २०१९, मंगळवार, आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला लेगी

साक्षीदार:
१. रुम्याती, त्याच कढईवरची
२. सोलिखिन, मुदीन

सही: कस्मिनी

सहीशेजारी सात ठिपके आहेत, मधला जरा मोठा. या वेळी ते मी मुद्दाम काढले आहेत.