मांजरावरचा आळ

दादा,

माझ्या लेकीला धाप लागली की तुझा एकच धोशा, "मांजर हाकल." शेवटी तूच ते उचलून घरी नेलंस. मोठे उपकार झाले!

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तान्ही असताना सर्दी छातीत उतरली होती का?" उतरली होती की! नाक ओढत येऊन तू तिचे पापे घेतलेस. मी ओरडले, तर म्हणालास, "साधी सर्दी आहे गं." बाई म्हणाल्या, अशा संसर्गाने काही मुलांच्या श्वासनलिका हळव्या होतात, मग मांजराचे केसही सोसत नाहीत.

चांगलं खरमरीत लिहिणार होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मांजर तुझ्याच उशीवर झोपतं, तुझ्या शिंका थांबत नाहीत आणि तू म्हणतोस, "साधी सर्दी आहे."

मग हे पत्र टाकतच नाही. मांजर बघून घेईल.

तुझी वैतागलेली,
धाकटी