डाळिंबी शालूचा फोटो

प्रिय पूनम,

हे पत्र राजकुमारदादाने लिहायला सांगितलेलं नाही. त्याला ते माहीतही नाही. मी खामगावच्या छापखान्यात रंग तपासायचं काम करते, म्हणून जे खात्रीने माहीत आहे तेवढंच लिहिते.

आम्ही पाठवलेला शालूचा फोटो तुमच्या ग्रुपवर पोचला आणि तुझ्या बाबांनी, भगवानरावकाकांनी, लग्नाची तारीख थांबवली. तुझ्या मामींनी आईला फोन केला, "बस्त्यात जांभळा पसंत केला अन् आता हा इटका धाडून राह्यले? कोनाचा नेसेल हाय वं, विमलबाई?" आई फोन ठेवून पोळ्या लाटायला बसली.

मी मूळ फोटो आणि तुम्हाला पाठवलेला, अशा दोन्ही फाइली उघडून पाहिल्या. दादाच्या नव्या फोनने काढलेल्या फोटोत रंगांचं प्रोफाइल असतं. हा लाल नेमका कोणता, हे ते पडद्याला सांगतं. फोटो जड होता म्हणून दादाने एका वेबसाइटवर तो हलका करून घेतला. हलका करताना त्या साइटने प्रोफाइलच काढून टाकलं. मग तुमच्या फोनांनी आपल्या अंदाजाने रंग लावला आणि गडद डाळिंबी विटका दिसला. शालू नवा आहे. कोणीही नेसलेला नाही. मी दादाला बोलले. तो दोन दिवस नीट जेवलेला नाही, म्हणून फार नाही बोलले. प्रोफाइलसकट फोटो पुन्हा पाठवता आला असता, पण आता मामी म्हणतील, रंग चढवून पाठवला.

जांभळा बदलला, हे मात्र खरं. त्या दिवशी दुकानात मामींनी जांभळा उचलला आणि तू मान हलवलीस. पण चहा येईपर्यंत तुझं बोट बाजूला सारलेल्या डाळिंबीच्या काठावरून फिरत होतं. मला वाटलं, ते मी एकटीनेच पाहिलं. दुसऱ्या दिवशी आई एकटीच एसटीने जाऊन शालू बदलून आली. हे ती तुमच्याकडे कधीच सांगणार नाही. सांगितलं तर मामींसमोर पोरीची अडचण होईल, म्हणते.

म्हणून मी सांगते आहे. सोबत शालूच्या ब्लाउजपीसचा कोपरा कापून ठेवला आहे. अंगणात नेऊन उन्हात बघ. मग काकांना काय सांगायचं ते तू ठरव. या वेळी फक्त मान हलवू नकोस.

तुझीच, होऊ घातलेली नणंद,
सुचिता