विड्यावरची सात नाणी

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
नवी डायरी, कुलूपवाली. किल्ली चष्म्याच्या केसमध्ये ठेवतो. (हे इथे लिहायला नको होतं.)

गेल्या वर्षभरात मिळवलेली माझी आवडती नाणी आज नीट नोंदवून ठेवतोय. उद्या कुणी बदलली तर पुरावा असावा. पहिला नंबर अर्थात सातवाहन हत्तीचा. सोंड वर आहे. मला नाणी विकणारा लवू म्हणतो, वर सोंडवाला हत्ती भारतात चार जणांकडे आहे, पाचवे तुम्ही. दुसरं क्षत्रपांचं चांदीचं, राजाचं नाक शाबूत. तिसरं-चौथं म्हणजे माझी जुळी. दोन आहत, म्हणजे ठसे ठोकलेली नाणी, दोन्हींना डाव्या कडेला एकाच जागी एकसारखी खोच. दोन हजार वर्षांपूर्वी एकाच माणसाने एकामागोमाग एक ठोकली असणार, आणि आज ती आमच्या सिल्व्हर पार्कमध्ये पुन्हा एकत्र आली. लिहितानाच अंगावर काटा आला. पाचवं कुषाण, सहावं गुप्त. सहावं हातात धरलं की बोटं हिरवी होतात. त्याला पॅटिना म्हणतात. इतिहास हाताला लागतो तो असा.

सातवं ऑफिसातल्या जुन्या मित्राने, निकोलसने दिलेलं. त्यावर क्रॉस. पोर्तुगीज असावं, म्हणजे जेमतेम तीनशे-चारशे वर्षांचं, माझ्या संग्रहात बाळच. शिवाय फुकट दिलेलं. आपल्याकडची खरी वस्तू कोणी फुकट देत नाही. सातवा नंबर दिला हीच मेहेरबानी.

८ फेब्रुवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन आहे. सुभाष सर म्हणून एक जण येणार आहेत, म्युझियममध्ये नाण्यांच्या विभागात आयुष्य घालवलेले. मला पंधरा मिनिटं बोलायला दिली आहेत. रिटायर झाल्यापासून चार वर्षांत मी पंधरा मिनिटं सलग बोललोय आणि समोरचा उठून गेला नाही, असं झालेलं नाही.

संकल्प: तोपर्यंत नाणी कुणालाही दाखवायची नाहीत. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. लवू सोडून. लवू भाईंदर वेस्टला फुटपाथवर रुमाल पसरून बसतो, पण त्याची नजर स्वच्छ आहे.

७ जानेवारी, बुधवार.
निकोलसचा उत्तनजवळच्या पालीहून फोन. विमा कंपनीत एकतीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसला, कधी पेनसुद्धा मागितलं नाही. आज म्हणाला, काशी, ते आयचं नाणं हाय ना तुझ्याकडं, एक दिवस देशील? आठ फेब्रुवारीला चर्चात तिच्या वर्षाची मिसा हाय. जोआन पन येतेय पुण्याहून, तिला आजीचं नाणं बघायचंय.

हे नाणं त्याच्या आईला शेतात सापडलं होतं. तिने ते जन्मभर तांदळाच्या डब्यात ठेवलं, म्हणजे घरातला तांदूळ संपत नाही म्हणे. ती गेल्यावर निकोलसने मला दिलं. तुला आवडतात म्हणून, म्हणाला.

बरोबर आठच तारखेला कसं हवंय? कुणीतरी त्याला प्रदर्शनाचं सांगितलंय. बँकेच्या लॉकरमध्ये आहे, बघतो, असं सांगितलं. माझा बँकेत लॉकर नाही.

११ जानेवारी, रविवार.
समोरच्या हंसाबेन लिफ्टमध्ये विचारत होत्या, काशीनाथभाई, आजकल घर पे ही रहते हो? मी कधी घरात असतो, कधी नसतो, ही माहिती त्यांना कशाला हवी? त्यांच्या दाराला कॅमेरा आहे आणि त्याचं तोंड आमच्या दाराकडे. मी दोन वेळा विनाकारण घराबाहेर जाऊन परत आलो, म्हणजे त्यांचा हिशोब चुकेल.

१५ जानेवारी, गुरुवार.
तिळगूळ द्यायला अकरा जण येऊन गेले. अकराही जणांनी शोकेसकडे बघितलं.

निर्णय घेतला. गोदरेजच्या कपाटात कुणीही शोधेल. म्हणून देवघराखालचा पूजेचा डबा. त्यात सुपाऱ्या, हळकुंडं, खारका आणि विड्यावर ठेवायची जुनी चिल्लर असते. माझी बायको उर्मिला तो गणपतीशिवाय उघडत नाही. चिल्लर काढून कपाटात मखमली पेटीत ठेवली, चोराला फसवायला. माझी सात नाणी सुपाऱ्यांमध्ये. बघितलं तर ओळखूसुद्धा येत नाहीत, पूजेचीच वाटतात. इतका मोठा विचार घरात दुसरं कुणी करू शकत नाही.

२४ जानेवारी, शनिवार.
उर्मिलाने १ फेब्रुवारीला, पौर्णिमेला, सत्यनारायण ठरवला. मला न विचारता. आता का? तर म्हणाली, अहो, तुम्ही महिनाभर झोपेत कुलूप कुलूप म्हणताय, मला काळजी वाटते. बोलावलेल्यांत हंसाबेन आहेत. निकोलस आणि नोरा वहिनीही आहेत. म्हणजे सगळे संशयित एका खोलीत.

पूजेआधी नाणी हलवायची. पूजेआधी नाणी हलवायची. दोनदा लिहिलं, आता विसरणं शक्य नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.
पूजा उत्तम. सकाळचा सगळा वेळ बसण्याची व्यवस्था करण्यात गेला. हंसाबेनना खिडकीशी, निकोलसला चपलांच्या रॅकजवळ, म्हणजे मी चौरंगासमोर बसूनही शोकेसच्या काचेत दोघं दिसतील. सोवळ्यात चष्मा घातला नाही, काचेवर धूर येतो. गुरुजी म्हणतील ते करत गेलो. विडे मांडा, मांडले. विड्यावर नाणं ठेवा, उर्मिलाने हातात दिली ती ठेवली, एकेक, साती विड्यांवर. पळीभर पाणी सोडा, सोडलं. गुरुजी म्हणाले, यजमान, लक्ष इकडे. माझं लक्ष काचेत होतं. निकोलस पूर्ण कथाभर हलला नाही. निष्पाप माणूस इतका स्थिर बसत नाही.

जाताना मात्र त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, काशी, तुझी आठवण ऱ्हाईली, लय बरं वाटलं. कसली आठवण? प्रसादाचा शिरा खाऊन कुणी रडत नाही. काहीतरी उचललंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.
डबा उघडला. सुपाऱ्या आहेत. हळकुंडं आहेत. नाणी नाहीत.

दहा मिनिटं तसाच जमिनीवर बसलो. मग उठून कपाट बघितलं. चिल्लर जागेवर आहे. म्हणजे चोराला चिल्लर कुठली आणि सातवाहन कुठले ते कळत होतं. जाणकार माणूस.

उर्मिलाला सांगितलं नाही. तीही संशयाबाहेर नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी तिने एकदाही क्षत्रपांबद्दल विचारलेलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.
दिवसभर तर्क. हंसाबेनना गुडघ्यांचा त्रास, देवघराखाली वाकू शकत नाहीत. सुटल्या. गुरुजी धर्माचा माणूस. सुटले. उरतो कोण? नाणं परत हवं कुणाला होतं? रडलं कोण?

लवूला फोन केला. त्याला फार वाईट वाटलं. म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, सोंडवाला हत्ती अजून तीन आहेत माझ्याकडे. देवमाणूस आहे. (भारतात पाचच होते ना? बहुतेक मी ऐकताना चुकलो.)

५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.
उत्तनच्या बसने पालीला गेलो. त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. मी मागे जाणार नव्हतो.

नोरा वहिनींनी चहा दिला. मी चहाला हात न लावता विचारलं (नंतर लावला, गार होत होता), माझं नाणं तुझ्याकडे आहे का? इतका सरळ प्रश्न ऐकून भलेभले गडबडतात. निकोलस म्हणाला, हाय की. भटाने दिलं ना, पूजेच्या टायमाला. म्हणाला यजमानांकडून. मी म्हटलं काशीने मिसाचं ध्यानात ठेवलं.

कबुली. वर खापर गुरुजींवर. मी म्हटलं, निकोलस, मला बनवू नकोस, बाकीची सहा कुठे आहेत? माझा आवाज जरा चढला असावा, कारण शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. निकोलस उठला. मग आत गेला, नाणं आणून माझ्या बशीशेजारी ठेवलं. म्हणाला, हे घे. बाकीचं मला म्हाईत न्हाय. नोरा वहिनींनी माझा अर्धा कप उचलून नेला.

नाणं घेऊन आलो. एक तरी वसूल झालं. बसमध्ये जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बस फार हलत होती.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५.
गुरुजी आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत सहा नाणी. माझा हत्ती, माझी जुळी, सगळे.

म्हणाले, यजमान, उदक सोडलंत म्हणजे खरं तर तुमचा हक्क सुटला, पण ही मला नकोत. पूजा भांडारात पाकिटात मिळतात, विड्यावर ठेवायला. माझ्याकडेच डबाभर आहेत. दहाची चालू नाणी असतील तर द्या. मग म्हणाले, सातव्यावर क्रॉस होता. मला वाटलं, तुमच्या पालीच्या मित्रांचं असेल आणि चुकून तबकात आलं असेल, म्हणून प्रसाद वाटतानाच त्यांना देऊन टाकलं.

म्हणजे मी. माझ्याच हाताने. एकेक करून, वर पाणी घालून.

उर्मिलाला विचारलं. ती म्हणाली, अहो, डब्यात होती, मला वाटलं तुम्ही पूजेला नवीन आणलीत. मनात म्हटलं पण, घरातलं काहीतरी आणायला आठवलं यांना.

गुरुजींना नाण्यांतलं काय कळतं, ते सोडून देऊ. पण निकोलसचं काय करायचं? चोर म्हणून आलोय त्याला. शब्द तो नव्हता वापरला. शेजारच्या टीव्हीला मात्र कळला होता. फोन लावला, उचलला नाही.

ठरलं: मिसा सकाळी आठला. पहाटे साडेसहाची बस, नाणं देणार, माफी मागणार, दहाला प्रदर्शनाला हजर. दोन्ही जमतंय.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०.
लेबलं सात छापली आहेत. सहाच नाणी मांडली तर सातव्या लेबलाचं काय? लोक विचारतील. सुभाष सर तर नक्कीच विचारतील. मिसा काय, नाण्याशिवायही होते. प्रदर्शन झालं की लगेच जातो. निकोलस समजूतदार आहे.

त्याच दिवशी, दुपारी १.
सुभाष सर सौम्य गृहस्थ निघाले. माझी पंधरा मिनिटं शांतपणे ऐकली. मग खिशातून पेन्सिल काढली आणि एकेक नाणं हात न लावता पेन्सिलीने बाजूला सरकवलं. हत्ती. राजा. जुळ्यांवर थांबून म्हणाले, एकाच साच्यातली आहेत, साच्याला खोच होती. माझ्या हिरव्या बोटांकडे बघून म्हणाले, साबणाने धुवा, रंग पोटात जायला नको. हंसाबेननी मला पाणी आणून दिलं.

सातवं मात्र त्यांनी हातात घेतलं. खिडकीपाशी नेलं. म्हणाले, हे खरं आहे, आणि चांगलं आहे. कुठून मिळवलंत?

मी म्हटलं, मित्राच्या आईचं. त्याने दिलं.

म्हणाले, तुमचा मित्र मोठ्या मनाचा दिसतो. आलाय का?

घड्याळात पावणेअकरा वाजले होते. मिसा कधीच आटोपली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
पालीला गेलो. बोंबील सुकत घातले होते त्या वळणावर लवूचा फोन आला, गुप्तकाळातलं नवीन आलंय म्हणाला. ठेवून दिला. (बघून ठेव, एवढंच म्हणालो.)

निकोलसचं घर पाहुण्यांनी भरलेलं. तो ओट्यावर, कोपऱ्यात जोआन, रडून झालेली. मला बघून त्याने नुसती मान हलवली. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. इतक्या वर्षांत त्याच्या घरी मला पहिल्यांदाच कुठे बसायचं ते कळेना. माफीचं भाषण मी बसमध्ये पाठ केलं होतं, चांगलं होतं, एवढ्या माणसांत सुरूच करता येईना. हातात देऊ म्हटलं तर त्याने गुरुवारी बशीशेजारी ठेवलेलं आठवलं.

पाणी प्यायचंय म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तांदळाचा डबा दाराशेजारीच होता. झाकण काढलं, नाणं हातभर खाली खुपसलं आणि सोडलं. पाणी नव्हतं, पण सोडलं.

तेवढ्यात मागे नोरा वहिनी. माझा हात कोपरापर्यंत त्यांच्या डब्यात. त्यांनी निकोलसला हाक मारली, जोआनही आली, दोन मावश्या आल्या. वहिनी म्हणाल्या, काय घेतलं ते दाखवा.

मी सांगू लागलो की मी घेत नव्हतो, ठेवत होतो. कुणाच्या चेहऱ्यावर ते खरं वाटल्याचं दिसलं नाही. कसं वाटणार? मलाही वाटलं नसतं.

निकोलस म्हणाला, मूठ उघड, काशी.

उघडली. नुसते तांदूळ होते. वहिनींनी ते जवळून बघितले आणि म्हणाल्या, डब्यात टाका परत. मी एकेक दाणा टाकला.