तपासणीच्या दिवशी घरी

बाई, आता मला कुणी बाई म्हणत नाही, टीचर म्हणतात. तुम्ही असतात तर ‘ऐट वाढली हं तुझी’ म्हणाला असतात. ऐट कसली, तुम्ही शिकवायचात तशाच महापालिकेच्या शाळेत मी शिकवते, कांदिवलीला. फरक इतकाच की तळमजल्यावरचे मराठीचे वर्ग एकेक करून मिटत चाललेत आणि वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यमात बसायला बाक पुरत नाहीत. मीही खालीच होते. पट घसरला तशी मला वर पाठवलं आणि एक काम नेमून दिलं. इंग्रजी ज्यांच्या डोक्यावरून जातं त्या मुलांचा, शाळा भरायच्या आधी तासभर वेगळा वर्ग घ्यायचा. बुडणाऱ्यांना काठावर आणायचं म्हणजे. मला स्वतःला कितपत पोहता येतं, हे कुणी विचारलं नाही.

माझं इंग्रजी तुमच्या स्वयंपाकघरातलं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही तिघीचौघी घाटकोपरच्या तुमच्या घरी यायचो. तुम्ही ओट्याशी, आम्ही खाली बसून मटार सोलायचो, आणि सोलता सोलता जे हातात असेल, डोळ्यांसमोर असेल ते इंग्रजीत बोलायचं. आई इस्पितळात आया होती. टेकडीवरच्या जयभीमवाल्या घरातल्या पोरींना सोसायटीतल्या बाई थेट ओट्यापर्यंत येऊ देतात याचं तिला अप्रूप होतं, आणि थोडा संशयही. एकदा मी गायीवरचा निबंध घडाघडा म्हणून दाखवला. तुम्ही तव्यावरची पोळी उलटलीत आणि म्हणालात, “छान. आता हेच मला मराठीत सांग.” मला येईना. “मग हे तुझं नव्हे. गाइडवाल्याचं आहे, त्याला परत करून ये.” मी रडत घरी गेले. पुन्हा म्हणून जायचं नाही असं ठरवलं आणि पुढच्या शनिवारी गेले, कारण तुमच्याकडे पोहे मिळायचे.

आणि तो तपासणीचा दिवस. कच्च्या पोरांनी त्या दिवशी घरी राहायचं ही तेव्हाचीही रीतच होती. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “उद्या तुझं पोट दुखणार आहे.” मी घरी बसले आहे, आई कामावर निघाली आहे, आणि तुम्ही पदर खोचून टेकडी चढून येता. दारात उभं राहून दम खाता. “हिला काय झालंय?” आई म्हणते, “काय नाय झालं बाई, सरांनीच सांगितलं.” तुम्ही माझा हात धरता आणि मला खाली नेता. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं मलाच उभं केलं. मी चाचरले, चार शब्द इंग्रजीत बोलले, उरलेलं मराठीत. साहेबांनी सगळ्या वर्गासमोर तुम्हाला झापलं. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि ते गेल्यावर मला म्हणालात, “बस. जेवढं बोललीस तेवढं तुझं होतं.” मला त्या दिवशी तुमचा रागच आला होता.

माझ्या या वेगळ्या वर्गात एक मुलगी आहे, तिसरीतली. दुसरीपर्यंत ती खाली मराठीत होती, आणि तिथे तिची टकळी बंद करायला बाई लागायच्या. वर आली आणि गप्प झाली. नुसती गप्प नाही, वर्गात ती डोळेही वर करत नाही. भागाकार मराठीत विचारला की बोटांवर करून मोकळी होते, तोच वर्गात इंग्रजीत आला की पाटी कोरी. हिला काहीच येत नाही, असं वर्गशिक्षिका म्हणतात, आणि हळूहळू तिलाही ते पटू लागलं होतं. मला भीती होती ती त्याचीच. माझ्या तासाला मी दार लोटून घ्यायची आणि मुलांना आधी मराठीत, हिंदीत, जे असेल त्यात बोलू द्यायची. एके दिवशी तिने तोंड उघडलं. घरामागच्या गटारात साप निघाला होता, आणि शेजारचे काका स्टुलावर चढून बसले होते. अख्खी गोष्ट तिने उभं राहून, हातवारे करत सांगितली. मग आम्ही रोज त्या सापातलं एकेक वाक्य इंग्रजीत आणायला लागलो. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ती आपणहून म्हणाली, “टीचर, स्नेक गो. अंकल क्राय. आय नो रन.” तोडकंमोडकं, पण तिचं. त्या दिवशी मला वाटलं होतं की ही तरेल.

तिची आई मात्र भेटायला आली ती भांडायलाच. टॉवरमधल्या घरांत पोळ्या लाटते, ठाकठीक, बोलायला फटकळ. “टीचर, तुम्ही हिला मराठीत शिकवता म्हणे. मग वर कशाला टाकली मी हिला?” मी समजावू लागले की आधी कळायला हवं, मग भाषा येते. तिने मला अर्ध्यावर तोडलं. “टॉवरातली पोरं लिफ्टमध्ये फाडफाड बोलतात. मी पिशव्या धरून कोपऱ्यात उभी असते. माझी पोरगी कोपऱ्यात उभी नाय राहिली पाहिजे. मराठी काय, ती घरात येतेच ना.” आणि मग अगदी सहज विचारलं, “तुमचा मुलगा कुठल्या शाळेत जातो?” तो बोरिवलीच्या इंग्रजी शाळेत जातो, बाई. मी सांगितलं. त्यावर तिने नुसती मान हलवली आणि पदर सावरून निघाली. पोरीला परत खाली पाठवा असं सांगायला खाली वर्ग तरी किती उरलेत? एकच आहे, पुढच्या वर्षी तोही मिटणार.

मध्यंतरी तपासणीच्या साहेबांची भेट ठरली. मुख्याध्यापिका मॅडमनी मला बोलावून घेतलं. वाईट बाई नाहीत त्या, वरून बोलणी त्यांनाच खावी लागतात. “तुमच्या तासातल्या पोरांना त्या दिवशी घरीच राहू दे ना. पालकांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात.” मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत वरिष्ठांना पहिल्यांदा तोंडावर नाही म्हटलं, आणि क्षणभर मला मी तुमच्यासारखी वाटले. “मग बोलली पाहिजेत पोरं. नाही बोलली तर तुमची जबाबदारी,” त्या म्हणाल्या. आणि मी घाबरले, बाई. साप बाजूला राहिला. स्वच्छतेवर इंग्रजीत एक भाषण लिहिलं, छोटंसं, आणि रोज सकाळी त्या मुलीकडून घोकून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे हात पुढे करायचा, कुठे हसायचं, सगळं बसवून घेतलं. पोरगी हुशार, चार दिवसांत पाठ.

साहेब आले. मीच तिला पुढे केलं. तिने एका दमात म्हटलं, कुठे अडली नाही, हात पुढे करायचा तिथे केला, हसायचं तिथे हसली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. तिच्या आईलाही शाळेत बोलावून घेतलं होतं, ती दारात पदराने डोळे पुसत होती. साहेब म्हणाले, ही मुलं तर तयार झाली, आता यांना वेगळा तास कशाला? टीचरना पूर्ण वर्ग द्या. झालं, सोमवारपासून माझा तास बंद. आता वर्गात ती कुठल्याही प्रश्नाला उभी राहून ‘येस टीचर’ म्हणते आणि खाली बसते. हिची प्रगती झाली असं सगळे म्हणतात. सापाबद्दल विचारलं तर खांदे उडवते.

त्या दिवशी भेट संपल्यावर जिन्यात मी तिला गाठलं आणि विचारलं, “काय सांगितलंस गं साहेबांना?”

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. “माहीत नाय टीचर. पण बरोबर होतं ना?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? खाली तिची आई वाट पाहत होती, मला नमस्कार करायला.

हे तुम्हाला पाठवायला पत्ताच नाही. तुमच्या सोसायटीच्या जागी टॉवर उभा राहतोय, आणि तुम्ही तर त्याच्या कितीतरी आधी गेलात. असता, तरी हा कागद तुमच्या हातात द्यायचा धीर मला झाला नसता. कारण वर जे लिहिलंय त्यात मी भीतीचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, तिच्या आईचं सांगितलं. एवढंच सांगायचं राहिलं की त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला आनंद झाला होता. खूप आनंद झाला होता, बाई.